हात पाठीमागे

"मॅडम, हितलं माय कॉम्प्युटर कुठं गेलं?" सिंधूताई खरातांनी विचारलं.

सकाळची सातची बॅच होती. सिंधूताई म्हणजे जवळच्या गावातल्या उपकेंद्रावरच्या नर्स, चार नंबरच्या मशिनवर बसायच्या. मी जाऊन पडद्याकडे बघितलं. डाव्या कोपऱ्यात कॉम्प्युटरचं चित्र जागेवर होतं, पण त्याच्याखाली 'माय कॉम्प्युटर' ऐवजी इंग्रजी अक्षरं होती : ए, एस, डी, एफ, जी, एफ.

"काल संध्याकाळी सरावाला इथं कोण बसलं होतं?"

"तांबवेकर सर," माळी भाऊसाहेब म्हणाले. ते ग्रामसेवक. "परवा माज्या मशिनवर व्हते, तवा माज्या माय डॉक्युमेंट्सचं बी आसंच बारसं झालंय."

बॅच हसली. खिडकीजवळच्या एक नंबरवर तांबवेकर सर बसले होते, पाठ ताठ, दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली. ते उठून उभे राहिले. माझ्याशी बोलताना ते कायम उभे राहायचे. ते एकसष्ट वर्षांचे होते आणि मी चोवीस वर्षांची.

"ते माझ्याकडूनच होतंय, मॅडम," ते म्हणाले.

"बसा ना सर," मी म्हटलं. रोज म्हणायची.

विट्यात तांबवेकर टायपिंग इन्स्टिट्यूट माहीत नाही असा माणूस तेव्हा सापडला नसता. एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत अठरा मशिनं होती, आणि गावातल्या निम्म्या कारकुनांची बोटं तिथं तयार झाली होती. माझीही तिथंच झाली. त्या खोलीत मी त्यांच्यापुढे उभी राहायचे आणि ते मला नुसतं 'बाबर' म्हणायचे. आता शिरतोड्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते, ते शिकत होते, आणि चारचौघांत मला मॅडम म्हणायचा त्यांनी नेमच धरला होता. मला त्याची लाज वाटायची. थोडी गंमतही वाटायची, खोटं कशाला बोलू.

ते इथं हौस म्हणून आले नव्हते. टायपिंगच्या संस्थांना वरून पत्र आलं होतं. जूनअखेर संस्थाचालकाकडे कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र नसेल, तर पुढचे प्रवेश बंद. त्याआधी परीक्षा एकच होती, मेच्या शेवटी. पुढची थेट नोव्हेंबरात. तोवर पोरं थांबणार नव्हती, शेजारच्या गल्लीत दुसरी संस्था होतीच.

"डबल क्लिक म्हणजे लागोपाठ दोन टोले, सर," मी त्या दिवशी दहाव्यांदा सांगितलं.

"मारतोय की."

"मधे अंतर राहतंय."

"राहणारच. दोन टोल्यांत सारखं अंतर ठेवायचं, हेच तर टायपिंग."

भानगड तीच होती. चाळीस वर्षं त्यांनी टक, टक, टक असा एक ताल पोरांच्या बोटांत भरला होता, आणि तो त्यांच्या स्वतःच्या बोटांतून निघत नव्हता. दोन क्लिकांत इतकं अंतर पडलं की कॉम्प्युटरला वाटतं, माणसाला नाव बदलायचंय. नाव निळं होऊन वाट बघत राहतं. काही उघडलं नाही की सरांची बोटं आपोआप कीबोर्डवर जायची आणि टायपिंगचा पहिला धडा मारायची. ए एस डी एफ जी एफ. नवं नाव पडायचं.

"द्या इकडं," मी म्हटलं.

हे माझं पालुपद होतं. द्या इकडं म्हणायचं, समोरच्याच्या हातातला माउस घ्यायचा, दोन सेकंदांत करून दाखवायचं, कळलं का म्हणून विचारायचं. समोरचा हो म्हणतो. कोर्स तीन महिन्यांचा, बॅचमध्ये बारा माणसं, शिरतोडे सरांना निकाल पाहिजे. दुसऱ्या कुठल्या रीतीनं शिकवतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यावंसंही वाटलं नव्हतं.

सरांनी लगेच हात काढून मांडीवर ठेवला. मी डबल क्लिक केलं, पडद्यावर खिडकी उघडली, नाव दुरुस्त केलं.

"झालं," मी म्हटलं.

"कुणाचं झालं?" सरांनी विचारलं.

मी हसले. ते हसले नाहीत.

त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये भिंतीवर एक पाटी होती : दुसऱ्याच्या मशिनला हात लावू नये. ती आम्हा पोरांसाठी होती, तशी त्यांना स्वतःलाही होती. कुणाचा कागद वाकडा बसला, रिबन निसटली, तरी सर मागे येऊन उभे राहायचे, हात पाठीमागे बांधलेले, आणि तोंडानं सांगायचे. डावीकडची कळ. खाली. अजून खाली. चुकलं तर परत पहिल्यापासून सांगायचे, पण हात पुढे यायचा नाही. पान निर्दोष उतरलं तरी छान वगैरे शब्द त्यांच्या कोशात नव्हता. पान वरपासून खालपर्यंत बघून म्हणायचे, "पुन्हा."

मी त्यांचा आदर करत होते, पण मला ते आवडत नव्हते. कारण आहे, सांगते.

सतराव्या वर्षी मी टायपिंगच्या पहिल्या परीक्षेला बसले. घाईत मार्जिन चुकीचं लावलं गेलं. तिसऱ्याच ओळीला मशिनची कागद सरकवणारी गाडी मध्येच अडली. एक बटण असतं, मार्जिन रिलीज, ते दाबलं की गाडी सुटते. मला ते ठाऊक होतं आणि त्या क्षणी काही केल्या आठवेना. मी गाडी ढकलत बसले. सर माझ्यामागे दोन फुटांवर उभे होते. मी मान वळवून बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात पाठीमागे. मी नापास झाले, सहा महिने घरी बसले आणि दुसऱ्या खेपेला पास झाले. एका बटणाची गोष्ट होती. नुसतं बोट केलं असतं तरी भागलं असतं. मी मनात एक ठरवून टाकलं होतं : आपण कधी कुणाला शिकवलं, तर असं दगडासारखं उभं राहायचं नाही.

परीक्षेला दहा दिवस उरले तेव्हा मी सरांचा माउस बाजूला ठेवला.

"हा नाहीच असं समजा," मी म्हटलं. "सगळं कीबोर्डवरून करू."

"होतं?"

"बहुतेक सगळं होतं."

स्टार्ट मेनू कुठल्या कळांनी उघडतो, एका खिडकीतून दुसरीत कसं जायचं, फोल्डर कसं करायचं, नाव कसं द्यायचं, हे मी तोंडानं सांगत गेले आणि सरांची बोटं ते करत गेली. दोन दिवसांत ते माझ्यापेक्षा वेगानं करायला लागले, कीबोर्डकडे न बघता. सिंधूताई आपलं काम सोडून त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"आगं बया, ह्यांचं तर मशिन आपल्या आपण चालाय लागलं की."

एका सकाळी मी त्यांना कंट्रोल झेड शिकवलं. "कंट्रोल धरायचं आणि झेड मारायचा. शेवटचं जे केलं असेल ते मागं घेतलं जातं. फाइल हलवली असेल तर परत होती तिथं जाते."

त्यांनी करून बघितलं.

"आमच्याकडे ही सोय नव्हती," ते म्हणाले. "आमच्याकडे चूक झाली की कागद नवा." आणि वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.

घोडं अडलं ते ड्रॅगवर. प्रॅक्टिकल पन्नास गुणांचं, पासाला पंचवीस. फोल्डर, नावं, फाइल सेव्ह करणं, खिडक्या उघडणं-मिटणं, या सगळ्याचे मिळून वीस. ते सरांना झोपेत आले असते. पंधरा गुणांचं चित्र काढायचं होतं, त्यात माउस धरून रेघा ओढायच्या, म्हणजे तिथं भोपळा. राहिले पंधरा. तीन फायली एका फोल्डरमधून दुसऱ्यात माउसनं ओढून न्यायच्या, प्रत्येक फायलीला पाच. एक फाइल पलीकडे गेली तरी पंचवीस भरत होते. एक.

पण ड्रॅग म्हणजे बटण दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं, हात सरकवायचा, जागा आली की सोडायचं. टायपिंगचं बोट असं करत नाही. टोला मारायचा आणि सोडायचं, बोट कळीवर रेंगाळलं की अक्षरांच्या काड्या एकमेकींत अडकतात. सरांनी फाइल पकडली की तिची फिकट सावली चार बोटं सरकायची, आणि बोट आपसूक उचललं जायचं. फाइल परत आपल्या जागी. दिवसाला पन्नास वेळा.

"सर, एक सांगू?" परीक्षेच्या आदल्या दिवशी मी म्हटलं. "कंट्रोल एक्स, मग कंट्रोल व्ही. फाइल तिकडं जाते. परीक्षक शेवटी येऊन फाइल कुठं आहे एवढंच बघतात. कशी गेली ते कुणाला कळत नाही."

"प्रश्नात काय लिहिलेलं असतं?"

"माउसच्या साहाय्यानं."

"मग?" ते म्हणाले, आणि परत माउस धरला.

परीक्षेचे बाहेरचे परीक्षक सांगलीहून आले होते. वेळ चाळीस मिनिटं. क्लासची शिक्षिका म्हणून मी खोलीत होते, पाणी आणि वीज बघायला. सरांनी वीस गुणांचं काम अकरा मिनिटांत संपवलं. मग चित्राचा प्रश्न वाचला आणि तसाच सोडून दिला. मग फायलींकडे वळले.

पंचवीस मिनिटं झाली, तीस झाली. मी खिडकीपाशी उभी राहून त्यांचा पडदा बघत होते. फाइल निघायची, परत यायची. निघायची, परत यायची. एकदा ती दुसऱ्या खिडकीच्या काठाला टेकली. बोट उचललं गेलं. परत आली.

पस्तिसाव्या मिनिटाला शिरतोडे सरांनी दारातून परीक्षकांना चहाला बोलावलं. परीक्षक "आलोच" म्हणून बाहेर गेले. खोलीत सहा परीक्षार्थी होते, सगळ्यांच्या माना आपापल्या पडद्यात. तांबवेकर सरांनी घामेजलेला तळवा पुसायला खिशातला रुमाल काढला. माउस एकटा पडला होता.

मी दोन पावलं पुढे गेले, वाकले, माउसवर हात ठेवला आणि पहिली फाइल ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली. एक सेकंदही लागला नसेल. 'द्या इकडं' एवढंच म्हणायचं राहिलं.

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर नुसतं बरं नाही, जिंकल्यासारखं वाटलं. बघा, मी तुमच्यासारखी नाही, असं त्यांना सांगावं असं मला सात वर्षं वाटत होतं, आणि ते मी एका हातानं सांगून टाकलं होतं.

सरांनी रुमाल घडी घालून खिशात ठेवला. पडद्याकडे बघितलं. फाइल पलीकडच्या खिडकीत बसलेली त्यांना दिसली. माझ्याकडे त्यांनी मान वळवली नाही. डाव्या हाताची करंगळी कंट्रोलवर गेली, शेजारचं बोट खाली झेडवर. कीबोर्डकडे न बघता.

फाइल परत आली.

मग त्यांनी उजवा हात माउसवर ठेवला आणि ती पुन्हा ओढायला घेतली. बोट उचललं गेलं. पुन्हा घेतली. परीक्षक चहा पिऊन आले, घड्याळ बघून "थांबा" म्हणाले, तेव्हाही फाइल अर्ध्या वाटेत होती. सरांनी हात काढून मांडीवर ठेवला. परीक्षकांनी पडदा बघितला आणि कागदावर वीस लिहिले.

मी व्हरांड्यात गेले. मला राग आला होता, आणि आधी तो सरांचाच आला. एवढा ताठा कशासाठी? अठरा मशिनं बंद पडणार, आयुष्यभराचं काम जाणार, आणि हा माणूस एका फायलीवरून हट्ट करतो. रागाखाली लाज होती, पण तिच्याकडे बघायला मी तयार नव्हते.

सर बाहेर आले, चपला घालायला वाकले.

"एक फाइल, सर," मी म्हटलं. "एकच लागत होती."

"हो."

"मग मागं का घेतली?"

त्यांनी दुसरी चप्पल घातली. मग सरळ उभे राहिले.

"बाबर," ते म्हणाले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. "तुझी गाडी अडकली होती, तेव्हा मी मागेच होतो."

त्यांना आठवत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. वर्षाला शंभरभर पोरं त्यांच्या हाताखालून जायची.

"तुम्हाला ठाऊक होतं काय झालंय ते?"

"मार्जिन रिलीज. एक बटण."

"मग सांगितलं का नाही?"

"परीक्षा होती." त्यांनी स्टँडकडे वळणाऱ्या एका रिकाम्या एस.टी.कडे बघितलं. "त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. तुला वाटत असेल, मास्तर दगड आहे."

तेच तर वाटत होतं.

"हात पाठीमागे का बांधायचे, सांगू? पुढे ठेवले की ते राहत नाहीत."

ते पायऱ्या उतरून गेले. मी तिथंच उभी राहिले, आणि सात वर्षांत पहिल्यांदा मला ती परीक्षेची खोली त्यांच्या जागेवरून दिसली. पुढे एक पोरगी गाडी ढकलते आहे, बटण हाताच्या अंतरावर आहे, आणि मागे एका हातानं दुसरा हात घट्ट धरून ठेवलेला आहे. मला रडू आलं. सिंधूताई पास झाल्याच्या आनंदात बाहेर आल्या, त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठीच रडतेय, आणि त्यांनी मला जवळ घेतलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळं व्हायचं तसंच झालं. जुलैपासून तांबवेकर टायपिंगचे प्रवेश बंद झाले. दिवाळीपर्यंत होती ती पोरं पुरली, मग खोली सोडावी लागली. सरांनी एक मशिन घरी नेलं, बाकीची कुठं गेली ते मी विचारलं नाही. नोव्हेंबरात सर पास झाले, प्रॅक्टिकलला पन्नासपैकी चव्वेचाळीस. चित्रात त्यांनी एक टाइपरायटर काढला होता, थोडा वाकडा, पण ओळखू येत होता. प्रमाणपत्र लावायला तोवर भिंत राहिली नव्हती.

मी त्या दिवशी फाइल सरकवली ती तशीच राहिली असती, तर ती खोली आणखी काही वर्षं चालली असती. हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं. गेली वीस-बावीस वर्षं मी हेच काम करते; शिक्षकांना, तलाठ्यांना, कधी बचत गटाच्या बायकांना पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसवते. नवीन शिकवणारी मुलं माझ्या हाताखाली येतात, तेव्हा ती विचारतात, मॅडम, तुम्ही हात असे मागे बांधून का उभ्या राहता. मी सांगते, सवय.

सवय कधी लागली ते मात्र मला नेमकं आठवतं. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी. क्लासला सुट्टी होती, मी कपाटं आवरायला म्हणून सकाळी आले होते. सातला दार वाजलं. तांबवेकर सर होते. त्यांच्या हातात वही होती.

"सर, आता परीक्षा नोव्हेंबरात."

"म्हणजे सहा महिने आहेत, मॅडम."

ते एक नंबरवर जाऊन बसले, पावलं जमिनीला टेकवली, मशिन चालू केलं. दोन खिडक्या उघडल्या. माउस धरला. मी त्यांच्यामागे दोन फुटांवर उभी राहिले आणि डाव्या हातानं उजवं मनगट पाठीमागे धरलं.

फाइल निघाली, परत आली. "बोट उचलू नका," मी म्हटलं. परत आली. "दाबून ठेवा. अजून. अजून." परत आली. माझा हात तीन वेळा सुटायला आला, तीनही वेळा मी तो आवळून धरला. किती कठीण असतं ते मला त्या सकाळी कळलं. नखं मनगटात रुतली होती. अकराव्या वेळी फाइल काठाला टेकली आणि परत आली. बाराव्या वेळी तिची फिकट सावली काठ ओलांडून आत गेली, सरांचं बोट दाबलेलंच होतं.

"आता सोडा," मी म्हटलं.

त्यांनी सोडलं. फाइल पलीकडे बसली.

सरांनी वळून बघितलं नाही. पाठ तशीच ताठ, हात माउसवर, ते वाट बघत होते.

"पुन्हा," मी म्हटलं.